आबांनी वाचलेला उतारा

"पुन्हा," आबा म्हणाले.

"आबा, तव्यावर भाकरी आहे."

"भाकरी एका हातानं उलटते. वाच. 'एली आपल्या जागी निजला होता' तिथून."

चुलीपुढं पाटावर पवित्र शास्त्र उघडं, पानाला पीठ लागू नये म्हणून त्यावर जुना धुवट पंचा, आणि मी एका डोळ्यानं तव्याकडं, एका डोळ्यानं पानाकडं बघत वाचतेय, असं आमचं त्या शनिवारी दुपारी चाललं होतं. मी एक वाक्य वाचायचं, आबांनी ते म्हणायचं. बाळ शमुवेल देवळात एली या म्हाताऱ्या याजकाकडं राहायचा, त्याला देवानं रात्री हाक मारली तो अध्याय. आबांचं पाठांतर असं की तीनदा ऐकलं की चौथ्यांदा तेच माझी चूक काढायचे.

त्यांनी अध्याय सुरुवातीपासून घडाघडा म्हटला. मी भाकरी उतरवली.

"एक वाक्य गाळलंत."

"कोणतं?"

"एलीचे डोळे मंद झाले होते, त्याला दिसत नव्हतं, ते."

"ते काही फार महत्त्वाचं नाही."

"आत्ता गं बया! शास्त्रातलं महत्त्वाचं कोणतं आणि बिनमहत्त्वाचं कोणतं हे तुम्ही ठरवणार होय?"

 आबा मिशीतल्या मिशीत हसले. "तुझी सासू लवकर गेली ती सुटली. तुझ्यापुढं तिचा निभाव लागला नसता."

आबा म्हणजे माझे सासरे, शांतवन त्रिभुवन. नाव शांतवन, पण स्वभाव फोडणीसारखा. आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत ते शास्त्रवाचक होते. नगर जिल्ह्यातलं प्रवरेच्या अंगाचं आमचं गाव, पत्र्याचं चर्च, बाया एका बाजूला आणि बाप्ये दुसऱ्या बाजूला सतरंजीवर बसायचे. आमच्यात रीत अशी होती की उपदेश पाळकानं, म्हणजे पाद्रीसाहेबांनी, करायचा, पण ज्यावर उपदेश करायचा तो शास्त्रातला उतारा पाळकानं वाचायचा नाही. तो मंडळीतल्या नेमलेल्या वाचकानं वाचायचा, आणि सगळ्यांनी आपापलं पुस्तक उघडून बोट ठेवून बरोबर चालायचं. जो पुस्तक विसरून येई त्याला आबा दारातच विचारायचे, "पंगतीला आलास आणि ताट घरी ठेवलंस का रे?" लोक त्यांना टरकून असत. आणि त्यांचं वाचन ऐकायला शेजारच्या वाडीहून चालत येत.

पण वर्ष झालं होतं, आबांना दिसत नव्हतं. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हा काचबिंदू आहे, गेलेली नजर आता येत नाही. ही गोष्ट घरात मला, माझ्या नवऱ्याला आणि आबांना माहीत. नवरा साखर कारखान्यावर, आठवड्यातून एकदा घरी. म्हणजे सोंग वठवायचं ते आम्ही दोघांनीच. मंडळीचे सेक्रेटरी लोखंडे गुरुजी शुक्रवारी उतारा सांगून जायचे. शनिवारी मी वाचायची, आबा पाठ करायचे. रविवारी चर्चमध्ये मोठं पुस्तक उघडून, मान खाली घालून, बोट फिरवत ते सगळं तोंडपाठ म्हणायचे. अंगणात कुणाची चाहूल लागली की पुस्तक टुणकन त्यांच्या मांडीवर आणि माझे हात पिठात.

मी एकदा म्हटलंही होतं, "आबा, सांगून टाका. कोण काय म्हणणार आहे?"

"म्हणणार काही नाहीत. हळहळतील. आणि दुसऱ्या रविवारी पुस्तक लोखंड्याच्या पोराच्या हातात देतील." मग म्हणाले, "मार्था, माझा बाप वेशीबाहेर मेला. त्याला अक्षर शिवू दिलं नाही कुणी. मी विहिरीच्या कामावर टोपल्या वाहायचो, तिथं एका उपदेशकानं मला मातीत बोटानं अ काढून दाखवला. तेव्हा मिसरूड फुटलं होतं मला. मी पहिल्यांदा जोडून वाचलेला शब्द कुठला, ठाऊक आहे? 'देव.' त्या दिवशी मला देव कळला बघ. लोकांना प्रार्थनेत कळतो, गाण्यात कळतो, मला वाचताना कळला. वाचन गेलं तर मग मी त्याला भेटायचं कुठं?"

 मी पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्या रविवारी मात्र साधी उपासना नव्हती. आमचे जुने पाळक निवृत्त झाले होते आणि नव्या पाळकाची निवड व्हायची होती. उमेदवारानं यायचं, चाचणीचा उपदेश करायचा, जिल्ह्याचे अध्यक्ष समोर बसून तो तपासणार, आणि मग मंडळी हात वर करून मत देणार. उमेदवाराचं नाव आशेर ओहोळ. विषय मंडळीनंच दिलेला: देव शास्त्रातून स्वतःला कसा प्रगट करतो. त्यावर त्यांनी निवडलेला उतारा शमुवेलाचा.

शनिवारी दिवेलागणीला ते आमच्याकडंच जेवायला आले. रीतच होती, उमेदवाराला वाचकाच्या घरचं जेवण. मला वाटलं होतं चांगला धिप्पाड, पहाडी आवाजाचा माणूस येईल. आला तो सायकल हातात धरून, चेन निखळलेली, दोन्ही हात काळे, आणि दारातच म्हणाला, "सलाम बाई. आधी जरा राख मिळेल का? हात घासतो." मी मनात म्हटलं, हे पोरगं काय उपदेश करणार!

आबांनी ताटावर बसायच्या आतच परीक्षा सुरू केली.

"लग्न झालंय?"

"नाही आबा."

"का?"

"पाळकाचा पगार ऐकून पोरीचे बाप चहा पिऊन उठून जातात."

मला हसू फुटलं. आबा नाही हसले. "उपदेश कागदावर लिहून आणलाय की डोक्यातून?"

"लिहून आणलाय. डोक्यातून बोललो की मी फार वेळ बोलतो."

"हं. आणि लोकं झोपली तर?"

"तर समजायचं त्यांना विश्रांतीची गरज होती."

आता मात्र आबांच्या मिशा हलल्या. जाताना ओहोळांनी आबांना वाकून सलाम केला आणि म्हणाले, "आबा, तुमच्या वाचनाबद्दल ऐकलंय. तुम्ही चांगलं वाचलंत की माझं निम्मं काम झालं." आबांनी मान डोलावली. ते गेल्यावर म्हणाले, "पोरगा बरा आहे. आवाज लहान आहे, पण पोकळ नाही." आबांच्या तोंडून एवढी तारीफ मी आमच्या लग्नातही ऐकली नव्हती.

रविवारी सकाळी चर्च गच्च भरलं. अध्यक्ष, रेव्हरंड बोर्डेसाहेब, जीपमधून आले. उंच, गोरेपान, पांढरा झगा कडक इस्त्रीचा, आणि बोलणं त्याहून कडक. आबा आणि उमेदवार बाजूच्या खोलीत त्यांना भेटायला गेले. मी पुढच्या सतरंजीवर जागा धरून बसले होते, तेवढ्यात खोलीच्या दारात आबा दिसले. दाराची चौकट त्यांनी हातानं चाचपली आणि तिथंच उभे राहिले. चेहरा पार उतरलेला. मी तांब्या उचलला आणि पाणी द्यायच्या निमित्तानं गेले.

"काय झालं?"

"उतारा बदलला."

"अगंबाई! कुणी?"

"बोर्डेसाहेबांनी. म्हणाले, तयार करून आणलेलं कुणीही बोलेल, ऐनवेळी दिलेल्या वचनावर बोलता आलं पाहिजे. इब्री लोकांस पत्र, पहिला अध्याय."

 शमुवेलाची गोष्ट म्हणजे गोष्ट आहे, एकदा रुळावर चढली की पुढं जाते. इब्री लोकांस पत्र म्हणजे लांबच लांब वाक्यं, एकात एक अडकलेली, आबांनी ते वाचून जमाना झाला होता.

"पाठ आहे का?"

"पहिली ओळ येते. पूर्वी देव संदेष्ट्यांच्या तोंडून बोलला आणि आता पुत्राच्या द्वारे बोलला आहे. पुढचं नाही."

"मग सांगा की छातीत दुखतंय म्हणून. मी आरडाओरडा करते, तुम्ही खाली बसा."

"देवाच्या घरात खोटं नाटक?" आबा म्हणाले.

"मग वर्षभर काय चाललंय आपलं!"

माझ्या तोंडून निघून गेलं.  आतून लोखंडे गुरुजींनी घंटा वाजवली, लोक उभे राहिले, गाणं सुरू झालं, आणि मला माझ्या जागेवर जावं लागलं. बाईमाणसानं वाचनाच्या मेजाशी जायची सोय नव्हती, नाहीतर मी गेले असते.

गाणं संपलं. प्रार्थना झाली. लोखंडे गुरुजींनी सांगितलं, "आजचा उतारा बदलला आहे, इब्री लोकांस पत्र, अध्याय पहिला." सगळीकडं पानं सळसळली. आबा मेजाशी गेले. मोठं पुस्तक उघडलं, हाताला लागलं तिथं. गळा साफ केला. पहिली ओळ अशी म्हटली की मागं दारात उभ्या असलेल्या माणसालाही स्पष्ट ऐकू गेली. आणि थांबले.

चर्चमध्ये सगळे वाट बघत होते. आबांचं बोट पानावर होतं, पण ते हलत नव्हतं. त्यांनी पुन्हा पहिली ओळ म्हटली. पुन्हा थांबले. माझ्या शेजारची जनाबाई कुजबुजली, "चष्मा विसरले काय गं?" मी देवाला म्हटलं, देवा, आता काहीतरी कर, पत्रा उडव, जीपला आग लाव, काहीही कर.

आणि आबा बोलायला लागले. "बाळ शमुवेल एलीच्या देखरेखीखाली देवाची सेवा करत होता. त्या दिवसांत देवाचं वचन क्वचितच कुणाला मिळे."

लोकांनी माना वर केल्या. मग खाली घातल्या. इब्री लोकांस पत्रात शमुवेल कुठून आला? पानं उलटसुलट होऊ लागली. कुणी शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावलं. लोखंडे गुरुजी अर्धवट उठले आणि बसले. बोर्डेसाहेबांनी हातातल्या पुस्तकावरून नजर उचलली आणि आधी आबांकडं, मग उमेदवाराकडं रोखून बघितलं. आबा थांबले नाहीत. एलीच्या डोळ्यांचं वाक्य आलं, ते त्यांनी गाळलं नाही. अध्याय संपला, त्यांनी पुस्तक मिटलं नाही, तसंच उघडं ठेवून चाचपत आपल्या जागी येऊन बसले. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

ओहोळ उठले. आबांच्या मेजाजवळूनच पुढं व्यासपीठाकडं जायची वाट होती. जाताना त्यांची नजर उघड्या पुस्तकावर पडली आणि ते थबकले. तिथं ना इब्री लोकांस पत्र होतं, ना शमुवेल. मी नंतर बघितलं, यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं होतं. ते पानाकडं बघत राहिले, मग आबांकडं. आबांचा चेहरा त्यांच्याकडं होता, पण डोळे भलतीकडंच. ओहोळांना कळलं. कळलं ते मला दिसलं, कारण त्यांच्या हातातले लिहिलेले कागद त्यांनी घडी करून खिशात घातले.

काय सोपं होतं त्यांना! एवढंच म्हणायचं, वाचकाची गफलत झाली, आपण दिलेल्या उताऱ्याकडं वळू. बोर्डेसाहेब खूश झाले असते. नोकरी पक्की झाली असती. आणि आबा कायमचे बसले असते.

"मंडळी," ओहोळ म्हणाले, "सगळ्यांनी आपापली पुस्तकं मिटा."

कुणी हललं नाही. आमच्या चर्चमध्ये पुस्तक मिटा असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"मिटा. आबांनी जे वाचलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. आता पानात शोधू नका."

एकेक पुस्तक मिटलं. बोर्डेसाहेबांनी आपलं मिटलं नाही, पण त्यात बघायचं त्यांनी सोडलं.

"शमुवेलाला देव दिसला का?" ओहोळांनी विचारलं. उपदेशात असं कुणी विचारत नाही, त्यामुळं सगळे गोंधळले. मागून कुणीतरी म्हणालं, "नाही."

"बरोबर. काही दिसलं नाही. हाक ऐकू आली. नाव घेऊन हाक. आपण म्हणतो देव शास्त्रातून प्रगट होतो. म्हणजे काय होतं? शाई असते, कागद असतो, किराणा दुकानातल्या वहीतही तेच असतं. पण एखाद्या दिवशी तुम्ही एक ओळ ऐकता आणि वाटतं, अरे, हे माझं नाव घेऊन बोललं. शेजारच्याला काही वाटत नाही, तो जांभई देतो. तुम्हाला मात्र उठून बसावं लागतं. तेवढा वेळ ते पुस्तक नसतं. तेवढा वेळ तो स्वतः असतो."

आवाज लहानच होता. त्यामुळं सगळे पुढं झुकून ऐकत होते. जनाबाई, जी दर रविवारी दुसऱ्या मिनिटाला पेंगायची, तिचे डोळे टक्क उघडे.

"आणि त्या पोरानं काय केलं? चुकला. एकदा नाही, तीनदा. हाक देवाची आणि धावला एलीकडं. देव रागावला का? मी दिलेलं वचन चुकलास, जा घरी, असं म्हणाला का? नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. मंडळी, माणसानं चुकून भलतंच ऐकलं, भलतंच म्हटलं, तरी देव आपली हाक मागं घेत नाही. हा त्याचा स्वभाव आहे, आणि शास्त्रभर तो हाच स्वभाव सांगत आलाय. शेवटी तर तो हाक मारून थांबला नाही, स्वतःच माणूस होऊन दारात आला."

मी आबांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. आता एलीकडं येणार. आता डोळ्यांचं बोलणार.

"एलीबद्दल एकच सांगतो," ओहोळ म्हणाले. "हाक त्याला आली नव्हती. त्यानं ती ऐकलीही नव्हती. तरी ती कुणाची आहे हे ओळखलं कुणी? ज्याचे कान तरणे, ज्याची नजर तेज, त्या पोरानं नाही. एलीनं ओळखलं. आयुष्य देवाच्या दारात काढलेल्या माणसाला आवाज ऐकावा लागत नाही. आणि ओळखल्यावर तो असं नाही म्हणाला, की मग मला का नाही मारली हाक, मी मोठा. तो पोराला म्हणाला, जा, नीज, पुन्हा हाक आली तर म्हण, बोल, मी ऐकतोय. एलीनं ते सांगितलं नसतं तर शमुवेल जन्मभर चुकीच्या खाटेकडं धावत राहिला असता. देवाचं वचन आपल्यापर्यंत कधी एकट्यानं येत नाही. कुणीतरी आपल्याला ते ऐकायचं कसं हे सांगितलेलं असतं. मातीत बोटानं एखादं अक्षर काढून दाखवणारा कुणीतरी असतो. ज्याला असा माणूस मिळाला त्यानं त्याच्या डोळ्यांची नाही, त्याच्या तोंडून काय आलं याची चौकशी करावी."

मातीतलं अक्षर! मी सांगितलं नव्हतं, आबांनी त्यांना सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांच्याही बापजाद्यांना कुणी तसंच शिकवलं असेल. आमच्यातल्या निम्म्या घरांची तीच तर गोष्ट आहे. बायांच्या बाजूला डोळ्यांना पदर लागले. मी उपदेश पुष्कळ ऐकलेत, मुंबईचे ऐकले, परदेशी साहेबांचे दुभाष्यामार्फत ऐकले. पण उघड्या डोळ्यांनी आपली भाकरी दुसऱ्याच्या ताटात वाढणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. काय पोरगा! हात काळे करून आला म्हणून मी त्याला हसले होते.

उपासना संपली. लोकांना बसून राहायला सांगितलं, कारण मत घ्यायचं होतं. बोर्डेसाहेब पुढं आले.

"मत घेण्याआधी मला एक खुलासा हवा आहे. मी उमेदवाराला आज सकाळी उतारा दिला. वाचला गेला दुसराच. आणि दुसरा म्हणजे कोणता? नेमका उमेदवारानं घरून तयार करून आणलेला. काल रात्री उमेदवार वाचकांच्याच घरी जेवले. हा योगायोग मला पटत नाही." ते ओहोळांकडं वळले. "तुम्ही वाचकांना तो उतारा वाचायला सांगितलं होतं?"

"नाही साहेब."

"मग वाचकांची चूक झाली?"

ओहोळांनी आबांकडं बघितलं.

"साधा प्रश्न आहे. एक तर वाचक चुकले, नाहीतर तुमचं दोघांचं संगनमत. चूक असेल तर म्हणा चूक, मी मत घेतो. कोणतं?"

ओहोळांच्या कपाळावर आठी पडली. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही बोलायचं नव्हतं. त्यांनी झोळी खांद्याला लावली. "साहेब, दिलेल्या वचनावर मी बोललो नाही, हे खरं आहे. तेवढंच लिहा. मी नापास."

"मग संगनमत असं लिहावं लागेल. पुढं कोणतीही मंडळी तुम्हाला घेणार नाही, समजतंय ना?"

"समजतंय," ओहोळ म्हणाले आणि दाराकडं निघाले.

"थांबा!"

आबा उठले होते. वाचताना निघायचा त्याहून मोठा आवाज. "संगनमत झालंय साहेब. खोटं नाही. वर्षभर चाललंय."

 बोर्डेसाहेब म्हणाले, "कुणाशी?"

आबांनी हात बायांच्या बाजूला केला. मी जिथं बसले होते त्याच्या जरा उजवीकडं, जनाबाईकडं. "माझ्या सुनेशी. ती वाचते, मी पाठ करतो, इथं येऊन वाचल्याचं सोंग करतो. मला दिसत नाही. समोर तुम्ही आहात का खांब आहे हे मला आवाजावरून कळतं. आज उतारा बदलला आणि माझं पितळ उघडं पडलं. ह्या पोरानं मेजावरचं पुस्तक बघितलं, त्याला सगळं कळलं, आणि माझी लाज झाकायला त्यानं आपलं नुकसान करून घेतलं. त्याला जाऊ देऊ नका." मग जरा आवाज खाली आला. "मला जाऊ द्या."

मी उठून उभी राहिले, का ते मलाही कळलं नाही.  वर्षभर जपलेली गोष्ट, जिच्यासाठी मी भाकऱ्या करपवल्या, ती आबांनी सगळ्या गावासमोर स्वतःच्या हातानं टाकून दिली होती.

बोर्डेसाहेब आबांजवळ गेले. त्यांनी आबांच्या डोळ्यांपुढं हात वगैरे फिरवला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. त्यांनी आबांचा हात धरला आणि विचारलं, "तो सबंध अध्याय तोंडपाठ म्हणालात?"

"शनिवारी दुपारी केला होता."

साहेबांनी मान वळवून ओहोळांना खुणेनं परत बोलावलं.  "लोखंडे गुरुजी, मत घ्या."

हात वर झाले. आबांनी अंदाजानं माझ्याकडं तोंड केलं. "मार्था, किती हात?"

"सगळे, आबा."

"जनाबाईचा?"

"दोन्ही."

लोक हसले, आणि हसता हसता कितीतरी जण रडले. ओहोळ खाली बघत उभे होते, सायकलची चेन पुन्हा निखळली असावी तसे.

मग आबा म्हणाले, "आता वाचनाचं बोला. पुस्तक आजपासून मी सोडलं. पण ते माझ्या घराबाहेर जाणार नाही. मार्था वाचेल."

लोखंडे गुरुजी म्हणाले, "आबा, अहो, बाईमाणूस मेजाशी? आपल्याकडं तशी रीत नाही."

"गुरुजी, तुम्ही वर्षभर बाईनं वाचलेलंच ऐकताय. आवाज तेवढा माझा होता. मध्ये कधी तुमचा विश्वास डळमळला का?"

 सगळ्यांनी नव्या पाळकांकडं बघितलं. ओहोळ म्हणाले, "पाळकानं वाचायचं नाही एवढीच तुमची रीत मला सांगितली होती. बाईनं वाचायचं नाही हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि आता सांगू नका."

पुढच्या रविवारी मी पांढरं लुगडं नेसले आणि तीनदा सोडून पुन्हा नेसले.  आबांनी तोड काढली, "आपण दोघं जाऊ. तू हळू वाच, मी मोठ्यानं म्हणतो. चुलीपुढं करतो तसं." मला हायसं वाटलं. आम्ही मेजाशी गेलो. मी पुस्तक उघडलं, बरोबर पान काढलं, बोट ठेवलं आणि पहिलं वाक्य हलक्या आवाजात वाचलं. आबांनी म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

"आबा, म्हणा की," मी कुजबुजले.

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. मेजाची कड चाचपली, एक पाय पुढं टाकला, आणि खाली सतरंजीवर, बाप्यांच्या पहिल्या रांगेत, लोकांनी सरकून केलेल्या जागेत बसले. मांडी घातली. वाचक झाल्यापासून ते कधी ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसले नव्हते. सगळं आयुष्य त्यांनी देवाचं वचन दुसऱ्यांना वाढलं होतं, आणि आता तोंड वर करून माझ्या दिशेला बघत होते, पंगतीत बसलेल्या भुकेल्या माणसासारखे.

"मोठ्यानं वाच, मार्था," ते म्हणाले. "मला ऐकायचंय."